गाडीवान आणि चौथी मूठ

मी हॉलंडचे सिनेमे बघतो. आमच्या ब्राह्मणपुरी गावात केळी आहे, ऊस आहे, कापूस आहे आणि हॉलंडचे सिनेमे बघणारा मी एक आहे, तिसरी शिकलेला. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मला मधेच थांबायला आवडत नाही.

हे वेड नातीमुळे लागलं. माझी नात पुण्यात शिकली, मग हॉलंडला जाऊन शिकली, आणि एवढं शिकून आता तिथे जुने सिनेमे झाडते-पुसते. खरंच सांगतो. माझ्या जन्माआधीचे काळेपांढरे सिनेमे, फितीवर ओरखडे पडलेले, बुरशी धरलेली. ती कॉम्प्युटरवर एकेक चित्र उघडते आणि त्यावरचा एकेक डाग काढते. दिवसभर मान मोडून काम केलं की सिनेमा दोन मिनिटं पुढे सरकतो. मी म्हणालो, "पोरी, निंदणीला येणारी बाई दिवसात यापेक्षा जास्त रान साफ करते."

"आबा, तण परत उगवतं," ती म्हणाली. "डाग परत येत नाही."

तिची आजी खाटेवरून हसली. आजी कायम तिच्याच बाजूची.

आजी म्हणजे माझी बायको. दीड वर्षापूर्वी पौषात गेली. भेटायला येणारे म्हणायचे, सुटली बिचारी. कशातून सुटली ते कोणी सांगायचं नाही, पण बघायचे सगळे माझ्याकडेच. सुटली असेल. मी मात्र अडकलो. मला चहा करता येत नव्हता. आता येतो. ती असती तर तिने तो प्यायला असता आणि काही बोलली नसती, म्हणजे वाईट झालाय हे मला कळलं असतं. आता तेही कळायला मार्ग नाही.

तिच्या शेवटच्या आजारात नात दोन महिने येऊन राहिली. आजीच्या पायथ्याशी बसून तिचं झाडलोटीचं काम चालायचं. बाईला पोटात काही ठरत नव्हतं, झोप नव्हती, मग पडल्या पडल्या ती त्या पडद्याकडे बघत राहायची. सिनेमा डच भाषेत. नात कानाला हेडफोन लावून ऐकायची, त्यामुळे आम्हाला आवाजही नाही. एकच सिनेमा दोन महिने, त्यातही तीच तीच माणसं तोच तोच चहा पिताना. माझी बायको त्यात अशी रमली की मी गोळ्या घेऊन उभा असलो तरी म्हणायची, "थांबा जराखं. ती बाई जिनावरथून उतरी ऱ्हायनी."

सिनेमा असा. जावा नावाचं बेट आहे, तिथे तेव्हा हॉलंडवाल्यांचं राज्य. एक म्हातारा गोरा जमीनदार, त्याचा उसाचा मळा आणि साखरेचा कारखाना. मोठा बंगला, पुढे लांबलचक ओटा, त्यावर वेताच्या खुर्च्या. म्हाताऱ्याचा मोठा मुलगा पांढऱ्या कपड्यात दिवसभर मिशीला पीळ देतो. त्याची बायको कंबरेला किल्ल्या लावून फिरते. आणि एक घोडागाडीवाला आहे, तिथलाच माणूस. पण तो कुठला तिथला! एका गोऱ्याच माणसाला काळं फासून बसवलंय. कानामागे लावायला विसरले, तिथे पांढरा दिसतो. मागे ऊस दाखवलाय, त्याला सात जन्मात पाणी मिळालेलं नाही. मी तसं बोललो तर नात म्हणाली, "आबा, तो ऊस कागदाचा आहे. सगळं हॉलंडमध्येच एका मोठ्या खोलीत उभं केलंय." म्हणजे राज्य खरं आणि ऊस खोटा. चांगला धंदा आहे.

एका दुपारी नात फोनवर बोलत बाहेर गेली होती आणि पडदा चालू होता. बायको मला म्हणाली, "आठे बठा. तुमले गोष्ट सांगस."

"तुला डच कळायला लागलं?"

"भाशा नही समजत. तोंडं समजतस." मग बोट दाखवून म्हणाली, "हाऊ गाडीवान देखा. हाऊ त्या म्हातारानाच पोऱ्या शे. मळामां कामले येयेल बाईपासून व्हयेल."

"असं कोण म्हणालं?"

"घरमा सगळासले माहीत शे. सासूले माहीत व्हतं, सूनले माहीत शे, गावले माहीत शे. फक्त त्या मिशीवालाले माहीत नही. येडा शे तो."

मी पडद्याकडे नीट बघितलं. तो मिशीवाला सिगार पेटवत होता आणि काडी उलटी धरली होती.

"येडाच दिसतो," मी म्हणालो.

"भलताच," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून मी उठलो. तिने हात धरला. "ती सून देखा. गाडीवानले आपला हाते कॉफी भरी दी ऱ्हायनी. कोनी देखाना पहिले. सासूनं तिले आण घालेल शे, नवराले सांगानं नही."

"सासू मेली ना? मग आता सांगायला काय झालं?"

"सासू मरस. आण मरत नही."

"असल्या आणा सिनेमातच असतात," मी म्हणालो. केवढा मोठा जाणकार मी. तिने हात सोडला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "पानी आना." म्हणजे पाणीच हवं होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि तांब्या आणायला गेलो. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली. सिनेमाचा विषय परत निघाला नाही.

यंदा श्रावणात नात पुन्हा आली. मुक्कामी घरात आम्ही दोघंच. तिचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा आणि सून, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी पुण्याहून यायचे होते. नातीचा तो सिनेमा पुसून झाला होता, तिकडे मोठ्या थिएटरात लोकांनी बघितला, टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "तुझ्या आजीचा सिनेमा मला दाखव. पूर्ण. आवाजासकट." सिनेमाची हौस होती असं नाही. ती ज्या जागी पडून बघायची त्या जागी मला बसायचं होतं, आणि नुसतं बसलं असतं तर पोरीने मला दवाखान्यात नेलं असतं.

नात प्रत्येक वाक्य थांबवून मराठीत सांगत होती. दोन दुपारी गेल्या. सिनेमातलं गुपित काय निघालं? मिशीवाल्याच्या बायकोची आई त्या बेटावरचीच, हे तिने लग्नात लपवलेलं. बस. त्यावरून वादळ येतं, झाड पडतं, पियानो वाजतो, ती बाई जिन्यावर बेशुद्ध पडते, म्हातारा छातीला हात लावून मरतो, मरताना दहा मिनिटं बोलतो. मी गाडीवानाची वाट बघत बसलो होतो. तो दोनदा गाडी आणतो, एकदा कॉफी पितो आणि एकदा छत्री धरतो. सिनेमा संपला.

"आणि गाडीवान?" मी विचारलं.

"गाडीवानाचं काय?"

"तो म्हाताऱ्याचा मुलगा ना?"

नात हसली. "आबा, तो कोणी नाही. नुसता गाडीवान आहे. मी या सिनेमातलं एकेक चित्र पुसलंय, त्याला एकही वाक्य नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, कोणी नाही, डुलकी लागली होती.

पण डुलकी तर आता उतरत होती. माझी बायको गप्पा मारणारी बाई नव्हती. गोष्टी तर तिने पोरांनाही सांगितल्या नाहीत. मग मरायच्या पंधरा दिवस आधी, पोटात कळा चालू असताना, तिने सिनेमात नसलेली गोष्ट रचून मला का सांगावी? आणि मला म्हणजे कोणाला? त्या येड्याला. काडी उलटी धरणाऱ्याला.

आता इथे आमच्या कानबाईचं सांगावं लागेल. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्यासाठी गव्हाचे रोट करतात. त्या गव्हाचा हिशोब आमच्या घरी ठरलेला: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, म्हणजे एक मूठ आणि वरचं पाव. तेवढेच गहू चक्की धुऊन घेऊन दळायचे, आणि ते रोट फक्त कुळातल्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. नातीचं लग्न झालेलं नाही म्हणून ती अजून आमची, असा आमचा कायदा. हॉलंडला माणसं चंद्रावरची माती तपासत असतील, आम्ही पोळी कोणाची ते तपासतो.

घरात पुरुष तीन. मी, मुलगा, नातू. माझी बायको दरवर्षी चार मुठी घ्यायची. दरवर्षी. मी कोठीजवळ पाटावर बसून मोठ्याने मोजायचो आणि म्हणायचो, "अय, तीन झाल्या. चौथी कोणाची? नवा नवरा केला का?" ती चौथी मूठ घेऊन वरचं पाव टाकायची आणि सूप उचलायची. पाव्हण्यांना मी हसून सांगायचो, आमच्या हिला तिनापर्यंत मोजता येत नाही. ती चौथी पास होती, माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त. बाप असताना घरात पुरुष दोन होतो, बाप आणि मी, आणि तेव्हा माझी आई तीन मुठी घ्यायची. ते मी लहानपणी बघितलेलं. त्यावरून मी काय समजावं? तर आईला मोजता येत नव्हतं आणि तिने सुनेलाही चुकीचं शिकवलं. दोन पिढ्यांच्या बाया एकाच आकड्याने चुकत होत्या, आणि गणितात नापास झालेल्या मला त्याचं हसू येत होतं.

कानबाई उठली की सोमवारी बायको एक ताट फडक्याने झाकून मागच्या दाराने सालदाराकडे जायची. सालदार म्हणजे सालाने बांधलेला गडी. आमचा हा सालदार माझ्या बापाच्या काळापासूनचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याची आई आमच्या मळ्यात कापूस वेचायला यायची. एकदा मी ते फडकं उचलून बघितलं. रोट होते. मी ओरडलो, "कुळाचे रोट गड्याला? देवीचा कोप आणशील!" ती म्हणाली, "देवीले मी देखी लिसू. तुम्ही बैलेसले देखा." त्या वर्षी कापूस चांगला आला, म्हणून मी देवीची तक्रार पुढे चालवली नाही.

मग एकेक गोष्ट आठवत गेली, आणि एकही लपवलेली नव्हती. बापाने सालदाराच्या आईला मळ्याच्या कडेला घर बांधून दिलं, पत्र्याचं, तेव्हा पत्रा महाग, आमच्याच घरावर कौलं होती. शेवटच्या दिवसांत बाप माझ्या हातचं पाणी तोंड फिरवून टाकायचा आणि सालदाराच्या हातचं प्यायचा. मी गावभर अभिमानाने सांगितलं, बघा, आमच्या गड्याची निष्ठा! गाव मान हलवायचं. आता कळतं, हसू दाबायला मान हलवावी लागते. बापाचे कान बाहेर आलेले आणि पाळी गालाला चिकटलेली. माझे कान आईसारखे. सालदाराचे कान मी सत्तर वर्षं बघतोय. टोपी वर सरकवून बिडी कानावर ठेवली की अख्खा बाप समोर उभा राहायचा, आणि मी त्याला म्हणायचो, जा रे, मोटर चालू करून ये.

सिनेमात असं काही कळलं की वादळ येतं. इथे दुपारचे तीन वाजले होते, थ्री फेज लाईट आली आणि शेजारची चक्की सुरू झाली. मी बेशुद्ध पडलो नाही. नातीने विचारलं, "आबा, चहा?" मी म्हणालो, मीच करतो, आणि साखर टाकायची विसरलो.

बायकोने आण मोडली नाही. तिने फक्त सिनेमा सांगितला. आणि मी तिला सांगून बसलो की असल्या आणा सिनेमातच असतात.

मला आता एकच पाहिजे होतं. आम्ही दोघं म्हातारे, तो एका डोळ्याने बघतो, मला छातीचा त्रास. दोघांपैकी एक जण जायच्या आत त्याच्या नावाची मूठ त्याच्या समोर मान्य करायची. मागच्या दाराने नाही. गेल्या श्रावणात सुतकाचं वर्ष म्हणून रोट झालेच नव्हते, त्यामुळे त्याच्याकडे ताट गेलं नव्हतं. आणि मी त्याला विचारायलाही गेलो नव्हतो, कारण मला माहीतच नव्हतं की ते ताट त्याचं होतं.

शनिवारी मुलगा आणि सून आले. मी मुलाला सगळं सांगितलं. आमच्या मुलाची नोकरी चांगली आहे, त्यामुळे तो घाबरतो लवकर. म्हणाला, "आबा, एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं? रोट द्या ना, पोतंभर द्या. पण नातं बोलू नका. उद्या कोणी सातबारा घेऊन कोर्टात उभं राहिलं म्हणजे?"

"त्याला मोरीत धड उभं राहता येत नाही," मी म्हणालो. "कोर्टात काय उभा राहील?"

"त्याची मुलं आहेत."

"मग ती तुझी चुलत भावंडं आहेत. फोन कर, ओळख करून घे."

मुलगा माझ्या बापाच्या फोटोकडे बघत बसला. बापाच्या कानांकडे बघत होता, असा माझा अंदाज. मग त्याने हळूच स्वतःच्या कानाला हात लावला. त्याचे कानही तसेच आहेत. हे मी त्याला सांगितलं नाही, पुण्यात टोपी घालत नाहीत, कधीतरी आरशात दिसेल.

रविवारी सकाळी सुनेने सूप मांडलं. मी म्हणालो, मुठी मी घेणार. सून म्हणाली, "आबा, हे बायकांचं काम." मी म्हणालो, बायकांनी सत्तर वर्षं बरोबर केलं, आता एकदा पुरुषाला चूक करू दे. कोठीत हात घातला. एक, दोन, तीन. चौथी मूठ घेताना थोडे गहू खाली सांडले. सून वेचायला वाकली. "चौथी कोणाची, आबा?" तिने विचारलं. मी बायकोला म्हणायचो तेच वाक्य. फक्त नवऱ्याचं तिने लावलं नाही, संस्कार चांगले आहेत.

"काकाची," मी म्हणालो. मुलगा दारात उभा होता. वरचं पाव त्यानेच आणून टाकलं.

सोमवारी सकाळी सालदार नेहमीसारखा आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. काम सोडून त्याला सहा वर्षं झाली, तरी रोज येतो, खालच्या पायरीवर बसतो, बिडी ओढतो, जातो. मी आत पाट मांडला होता, रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असं ताट वाढून ठेवलं होतं. दारात जाऊन म्हणालो, "चल, मजार ये. जेवाले बठ."

त्याने माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं. "आठेच बरं शे, पाटील."

"मजार ये म्हंतस ना."

"आते या उमरमा उंबरा चढीसन काय करू? गुडघा दुखतस."

तीन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या नात्याने केवढ्या उंच ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला राग आला. मग लक्षात आलं, राग यायचा हक्क मी काल सकाळी चौथ्या मुठीबरोबर मोजून घेतला आणि आजच वापरतोय. आत गेलो, ताट उचललं, आणि रोट उंबऱ्याबाहेर न्यायचे नसतात तरी पुढच्या दाराने, भर गल्लीत, बाहेर आणले. समोरच्या ओट्यावर आमच्या भाऊबंदातली म्हातारी मेथी निवडत होती, तिचे हात थांबले. मी पायरीवर त्याच्या बाजूला बसलो. बसताना गुडघ्यातून आवाज आला. त्याने हात धरला.

"ताट दोघासनं शे," मी म्हणालो. "तुन्ही मूठ यामा शे. आईनी टाकेल मूठ, तुन्ही वहिनीनी टाकेल, आते मी टाकी."

त्याने रोट बोटाने चाचपून बघितला. मग म्हणाला, "गयसाल रोट उना नही. माले वाटनं, वहिनीसंगे तेबी गयं."

"तुले कव्हापासून माहीत शे?"

"न्हाना व्हतू तव्हापासून."

"माले का सांगं नही?"

"तुम्ही कव्हय इचारं?" तो म्हणाला. बरोबर आहे. गाडीवानाला सिनेमात एकही वाक्य नसतं.

त्याने रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, तोंडात टाकला, चावला. वरचे दात नाहीत, वेळ लागतो. मी वाट बघत होतो. सत्तर वर्षांनंतर माझा भाऊ मला काय म्हणतो याची वाट बघत होतो. समोरची म्हातारीही बघत होती.

"कडक शे," तो म्हणाला. "वहिनीना हातना नरम ऱ्हायेत."

घ्या. भाऊ झाल्या झाल्या पहिलं काम त्याने केलं ते नावं ठेवायचं. मीही एक तुकडा खाल्ला. खरंच कडक होता. तिच्या हातचे मऊ असायचे, आणि हे आता माझ्याशिवाय ठाऊक असलेला एक माणूस तरी पायरीवर बसला होता. आम्ही दोघांनी ते ताट संपवलं, रोटाला नावं ठेवत.